मावशीची नोंदणी

दूध परत आलं तेव्हा रांगेत सगळेच उभे होते.

दूध केंद्रावरच्या माणसाला गावात फॅटवाला म्हणत, कारण तो दुधाचं फॅट मोजायचा आणि त्याच्या हातून दुसरं काही होताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याने कॅनमधून पळीभर दूध काढलं, पांढऱ्या वाटीत ओतलं, वर तपासणीचं जांभळं औषध टाकलं आणि वाटी गोल फिरवली. दूध पातळ राहायला हवं होतं. ते कच्च्या अंड्यासारखं चिकटलं. त्याने वाटी समोरच्या बाईपुढे धरली.

"कालही तुम्ही हेच दाखवलंत," ती म्हणाली.

"कालही हेच होतं."

"आजारी गाईच्या त्या सडाचं आम्ही घालतच नाही, भाऊ. वेगळं काढून ओतून देतो."

"मग हे कुठून आलं, वहिनी? आभाळातून?"

मागे कोणीतरी हसलं. शेजारीण तिच्या पाठीला कॅन टेकवून उभी होती. ती म्हणाली, "पुढं सरका की. तुमच्या नादात आमचंही नासायचं."

फॅटवाल्याने वाटी विसळली. दाराला चिकटवलेल्या कागदाकडे हनुवटीने खूण केली. ज्यांचं दूध परत जातंय त्यांच्यासाठी संघाने वेबिनार ठेवला होता, कासेच्या आजारावर. उद्या दुपारी. आज संध्याकाळच्या आत नोंदणी करायची, पूर्ण वेळ बसायचं, शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे प्रमाणपत्र येतं. प्रमाणपत्र नसेल तर परवापासून कॅन आणायचाच नाही.

"वेबिनार म्हणजे काय असतं?"

"मोबाइलवर डॉक्टर येतात."

"गाय बघतात?"

"सगळं बघतात. लिंक पाठवतो, भरा सगळं नीट." त्याने पुढच्या कॅनचं झाकण उघडलंही होतं.

केंद्रामागच्या चरात तिने दूध ओतलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं नाही. बराच वेळ पांढरं दिसत राहिलं. रिकामा कॅन सायकलला बांधून ती निघाली. रिकाम्या कॅनचं झाकण खडखडतं, आणि सकाळच्या त्या वेळेला रस्त्यावर खडखडणारा कॅन म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. चढावर ती उतरली आणि एक हात झाकणावर दाबून धरत चालत घरी आली.

घरात दोघीच होत्या, ती आणि सासू. नवरा ट्रकवर. तो महिन्यातून एकदा यायचा, दोन दिवस झोपायचा आणि जायचा. घर चालायचं ते तीन गाईंवर. ढवळी तरुण होती आणि लाथा मारायची. तांबडी मुकाट होती. तिसरी सगळ्यांत थोरली, सासूच्या बहिणीने दिलेली, म्हणून तिचं नावच मावशी पडलं होतं. आजारी होती ती मावशी. तिच्या कासेचा मागचा एक भाग दगडासारखा कडक झाला होता, आणि त्या सडातून दुधाऐवजी पाणी आणि गुठळ्या यायच्या.

सासू गोठ्यात शेण भरत होती. झाकणाचा आवाज तिने ऐकला होता.

"परत?"

"परत."

"फॅटवाल्याच्या यंत्रातच बिघाड असेल."

"वाटीत दिसलं, आई. सगळ्यांसमोर."

सासूने घमेलं उचललं, उकिरड्यावर रिकामं करून आली. गुडघ्यांमुळे ती आता दूध काढायला बसू शकत नव्हती. बसण्याचं काम सुनेकडे आलं होतं, कसं बसायचं ते सांगायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं होतं.

"तुझा हात जड आहे," ती म्हणाली. "मी काढत होते तेव्हा कधी परत आलं होतं?"

सुनेने रिकामा कॅन पालथा घातला. गेले काही दिवस घरात हेच चाललं होतं, आणि तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं. दूध काढताना ती आता स्वतःच्या बोटांकडे बघायची.

लिंक दुपारी आली. दोघी दाराच्या सावलीत बसल्या. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि सुनेची बोटं पाण्यात आणि चुन्यात काम करून अशी खरखरीत झालेली की फोनला ती कित्येकदा कळायचीच नाहीत. ती बोट पदराला पुसायची, पुन्हा दाबायची.

"नाव विचारतंय."

"कोणाचं?"

"तेच कळत नाही. नाव, वय, लिंग, फोटो. आणि खाली, ओळख क्रमांक."

सासूने चष्मा घातला. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, पण चष्मा घातल्याशिवाय ती कागदाचा कुठलाच विचार करत नसे. "ओळख क्रमांक म्हणजे कानातला बिल्ला. लस टोचायला आले होते तेव्हा तोच लिहून घेतला. विम्यालाही तोच."

"पण हे माणसांसाठी असलं तर?"

"डॉक्टर येणार ना मोबाइलवर?"

"फॅटवाला तसं म्हणाला."

"मग दवाखान्यात नाव कोणाचं घालतात? दुखतंय त्याचं, की घेऊन येणाऱ्याचं?"

या अंगणात आजवर ज्या नोंदण्या झाल्या त्या सगळ्या गाईंच्याच होत्या. केंद्राचं कार्ड नवऱ्याच्या नावावर होतं. दूध काढणारीचं नाव कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे आता कोणी विचारत असेल हे दोघींच्याही मनात आलं नाही.

सून गोठ्यात गेली. मावशीचा कान धरून तिने बिल्ल्यावरचं शेण पुसलं आणि आकडे मोठ्याने वाचत एकेक भरले. नावाच्या जागी नुसतं मावशी लिहिलं तर फोन लाल अक्षरांत पूर्ण नाव मागू लागला, म्हणून तिथेही बिल्ल्याचा आकडा घातला. वय नऊ. लिंग स्त्री. फोटोसाठी सासूने मावशीचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, कपाळावरची गवताची काडी काढली.

"इकडं बघ," सासू गाईला म्हणाली.

मावशीने बघितलं नाही. बाजूने आला तो फोटो चालला. फोन थोडा वेळ गोल गोल फिरला आणि मग निरोप आला: अभिनंदन, आपली नोंदणी यशस्वी झाली आहे. खाली उद्याची वेळ, दुसरी एक लिंक आणि पासवर्ड.

"झालं," सून म्हणाली.

"एवढंच? उगाच घाबरत होतीस."

दुसऱ्या दिवशी जेवणं लवकर उरकली. डॉक्टर बघणार म्हणून मावशीला अंगणात आणून बांधलं, तिची कास कोमट पाण्याने धुतली. अंगणातच बसायचं होतं, कारण घरात फोनला रेंज नसायची. बादली पालथी घालून तिच्यावर विटेला टेकवून फोन उभा केला. सासूने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. ती कोणाला दिसणार नव्हती, पण तिला ते पटलं नव्हतं.

लिंक दाबली तर फोन म्हणाला, आधी ॲप घ्या. ॲप उतरवायला जागा नव्हती. सुनेने नवऱ्याने पाठवलेले ट्रकचे व्हिडिओ पुसले, एकेक बघून, आणि मग न बघता सगळेच. ॲप आलं. पासवर्ड चुकला. पुन्हा घातला, तरी चुकला. मग लक्षात आलं की पहिलं अक्षर मोठं घालायचं होतं. तेही जमलं. पडद्यावर ओळ आली: कृपया थांबा, आयोजक आपल्याला लवकरच आत घेतील.

"बाहेर बसवलंय," सून म्हणाली.

"दवाखान्यात असंच असतं. नंबर येईपर्यंत बसायचं."

त्या बसल्या. ऊन बादलीवर आलं तशी सुनेने बादली सावलीत सरकवली. मावशी शेपटीने माश्या हाकत होती. वेळ होऊन गेली होती. सून मधूनमधून काचेला बोट लावायची, फोन झोपू नये म्हणून.

मग पडदा बदलला. आयोजकांनी आपल्याला या सत्रातून काढून टाकले आहे.

तिने ते दोनदा वाचलं आणि मग सासूला वाचून दाखवलं.

"काढून टाकलंय? आपण केलं काय?"

"काही नाही केलं."

"मग पुन्हा दाब."

पुन्हा दाबलं. फोन म्हणाला, आपण या सत्रात परत येऊ शकत नाही. सुनेने फॅटवाल्याला फोन लावला; त्याने उचलला नाही. नवऱ्याला लावला, मागे इंजिनाची घरघर, आणि तो म्हणाला, "गाडीवर आहे गं, तूच बघ काय ते." ती फोन हातात धरून उभी राहिली. उद्या सकाळी कॅन भरायचा आणि न्यायचा कुठे, हा विचार तिने अजून केला नव्हता. आता तो आपोआप आला. रोजचं दूध, तीन गाईंचं, आणि केंद्राचं बंद दार.

"काल आलेला निरोप बघ," सासू म्हणाली. "कागदाच्या तळाशी नेहमी बारीक अक्षरात काहीतरी असतं."

होतं. अडचण आल्यास, आणि एक नंबर. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा एक मुलगी बोलली. आवाज थकलेला होता, पण नीट होता.

"नाव सांगा."

"मावशी."

"पूर्ण नाव, मावशी?"

"मी नाही. ती मावशी. नोंदणीत बिल्ल्याचा आकडा घातलाय." सुनेने आकडे सांगितले.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला, मग थांबला. "मॅडम, इथे फोटोत गाय आहे."

"हो. तिलाच झालंय."

सून कान गरम होईपर्यंत फोन दाबून धरून होती. हसू ऐकायला येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही.

"आम्हाला वाटलं कोणी टवाळी करतंय," मुलगी म्हणाली. "नुसता आकडा आणि गाय. सकाळच्या सत्रात पोरांनी फार त्रास दिला, म्हणून सरांनी काढलं. मॅडम, हे प्रशिक्षण गाईचं नाही. दूध कोण काढतं घरी?"

"मी."

"मग तुमचं नाव सांगा."

सुनेने नाव सांगितलं. पुढे नवऱ्याचं, मग आडनाव. मुलीने वय विचारलं. ते सांगताना ती थोडी अडखळली, कारण पुष्कळ दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. नवी लिंक आली. "अर्धं होऊन गेलंय," मुलगी म्हणाली, "पण शेवटचे प्रश्न बरोबर आले तर प्रमाणपत्र मिळेल. सरांना सांगते मी. माइक बंद ठेवा, डॉक्टरबाईंनी सांगितल्याशिवाय उघडू नका."

सासू सगळं ऐकत होती. "गाईचं नाही म्हणे," ती म्हणाली. "मग आजार काय तुला झालाय?"

या वेळी दार उघडलं. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत माणसं होती, कोणी गोठ्यात, कोणी खाटेवर, एक जण तर झोपलेला. मधल्या मोठ्या चौकोनात केस आखूड कापलेली एक बाई रबराची कास टेबलावर ठेवून बोलत होती. अंगठा आत दुमडून सड ओढू नका. मुठीत धरून दाबा. पहिल्या धारा जमिनीवर सोडू नका, काळ्या कपात घ्या आणि बघा. एकच फडकं सगळ्या गाईंना पुसू नका. सून ऐकत होती आणि हात मांडीवर मुठीसारखे मिटत-उघडत होती. अंगठा तिचा बाहेरच असायचा. हात जड नव्हता.

तेवढ्यात मावशी हंबरली. माइक बंद होता, पण चौकोनात तिचं डोकं दिसलं. डॉक्टरबाई थांबल्या.

"गाय घेऊन बसलेल्या ताई, माइक उघडा. ती आजारी आहे का?"

सुनेने माइक शोधला. "हो. मागचं एक सड."

"दाखवा."

तिने फोन उचलून कासेपाशी धरला. डॉक्टरबाईंनी तो भाग दाबायला सांगितला, धार काढायला सांगितली, रंग विचारला. औषधाचं नाव सांगितलं आणि औषध चालू असेपर्यंत हिचं कुठल्याच सडाचं दूध कॅनमध्ये नको म्हणाल्या. मग विचारलं, "किती गाई?"

"तीन."

"दूध काढताना आधी कोणाकडे जाता?"

"हिच्याकडे."

"रोज?"

"रोज."

"आजारी गाय आधी का?"

मागून सासूचा आवाज आला, मोठा, फोनवर लांबच्या माणसाशी बोलतात तसा. "तिला ठणका लागतो. तिला ताटकळत ठेवून धडधाकटांकडे कसं जायचं? मीच सांगितलंय तसं. आमच्यात दुखतीला आधी मोकळी करतात."

काही चौकोनांतले चेहरे हसले. झोपलेला जागा झाला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आजी, तिला मोकळी करताच तुम्ही. पण तिच्या सडातलं जे आहे ते हाताला लागतं, आणि तोच हात दुसऱ्या गाईला जातो. रोज दोनदा तुम्ही आजार हाताने वाढताय. निरोगी गाय आधी. आजारी सगळ्यांत शेवटी. बाकीच्या दोघींच्या पहिल्या धारा आज काळ्या कपात बघा. माझा अंदाज आहे, एकीत तरी सापडेल."

त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. सुनेने माइक बंद केला आणि मागे बघितलं. सासू तिथे नव्हती. मावशीला सोडून ती गोठ्याकडे घेऊन चालली होती, गाईच्या चालीने, म्हणजे फारच हळू.

शेवटच्या प्रश्नांमध्ये तो एक होता: दूध काढण्याचा योग्य क्रम कोणता. सुनेने उत्तरावर बोट ठेवलं. बोट फोनला कळलं नाही. तिने ते पदराला पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

संध्याकाळी काळा कप नव्हता; तळ जळालेली एक जुनी वाटी होती, ती घेतली. ढवळीची धार स्वच्छ आली. तांबडीच्या एका सडातून काळ्यावर पांढरे कण आले, रव्यासारखे. सुनेने वाटी सासूला दाखवली. सासूने वाटी उजेडाकडे नेली, बोटाने एक कण दाबून बघितला.

"हीसुद्धा," ती म्हणाली.

"आत्ताच सुरू झालंय. बरी होईल म्हणाल्या."

सून हात धुऊन ढवळीखाली बसली. तिकडे मावशीला कळेना. बादलीचा आवाज झाला की आपल्याकडे येतात एवढं तिला ठाऊक होतं. ती दोर ओढायला लागली, मग हंबरली, आणि मग हंबरतच राहिली. कास भरून आली होती. उभी राहताना ती मागचे पाय फाकवत होती. ढवळीने त्या आवाजाने लाथ झाडली. सुनेने बादली वाचवली, डोकं गाईच्या कुशीला टेकवलं आणि हात चालू ठेवले. घाई केली असती तर काढणं अर्धवट राहिलं असतं. तिने घाई केली नाही.

सासू दारात उभी होती. दोनदा ती मावशीकडे निघाली आणि परतली. तिसऱ्यांदा तिने कोपऱ्यातलं कोमट पाणी आणि एक फडकं घेतलं.

"मी हिच्यापाशी थांबते," ती म्हणाली. "माझे हात आता त्या दोघींना लागायचे नाहीत. तू तुझं कर."

ती मावशीच्या मागच्या पायापाशी वाकली. बसता येत नव्हतं, म्हणून वाकूनच तिने फडकं पिळून कडक झालेल्या भागावर धरलं. गाईचा आवाज थांबला नाही, पण हळू होत गेला. मधेच सासू तिच्याशी काहीतरी बोलत होती. सुनेला ते ऐकू आलं नाही. तिच्या बादलीत धारा वाजत होत्या.

सकाळी कॅन अर्ध्याहून कमी भरला, फक्त ढवळीच्या दुधाने. केंद्रावर फॅटवाल्याने फोनमधलं प्रमाणपत्र बघितलं, नाव वाचलं, मग वर बघितलं. "हे तुमचं नाव होय," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं." त्याने वाटी फिरवली. दूध पातळ राहिलं. शेजारीण मागून मान लांब करून बघत होती. फॅटवाल्याने कॅन मोठ्या टाकीवर उपडा केला.

सून घरी आली तेव्हा सासू मावशीच्या दावणीशी फडकं वाळत घालत होती.

"घेतलं?"

"घेतलं. अर्धाच होता."

"घेतलं ना."

सासूने फडक्याच्या सुरकुत्या ताणून काढल्या. बराच वेळ ताणत राहिली. सुनेने कॅन उलटा ठेवला आणि आत जायला निघाली, तेव्हा ती मागून म्हणाली,

"माझ्या सासूने शिकवलं होतं. गाय दुखत असली की आधी ती, मग चूल."

सून थांबली.

"रात्रभर आठवत होते मी. तिच्याकडे एकच गाय होती."